छान म्हणजे कुठं?

सई, मागच्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, "आजी, सध्या काय ऐकतेस?" मी म्हटलं, "शुद्ध सारंग." तू म्हणालीस, "छान," आणि मग ईशानच्या परीक्षेचं बोलणं निघालं. फोन ठेवल्यावर मला चुकल्यासारखं वाटत राहिलं. या प्रश्नाचं उत्तर कसं द्यायचं हे एका माणसाने मला पंधरा वर्षं शिकवलं, आणि मी ते दोन शब्दांत उरकलं. म्हणून हे लिहिते आहे. तुम्हा दोघा भावंडांना मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा आईकडून वाचून घ्या, पण एका बैठकीत.

त्या माणसाचं नाव तायडे भाऊ. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये ते राहायचे. त्यांचं आणि आमचं स्वयंपाकघर एकाच भिंतीला लागून होतं. उंच, सडपातळ, बुशशर्टाच्या खिशात कायम एक खडू. ते मूळचे शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातले. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबायचे. मॅट्रिक झाल्यावर भाऊ रेल्वेत लागले आणि यार्डात त्यांना जे काम मिळालं, तसं काम असतं हे मला ते भेटेपर्यंत ठाऊकही नव्हतं. गाडी येऊन उभी राहिली की हे एका बाजूने चालत जायचे आणि लांब दांड्याच्या हातोडीने प्रत्येक चाकावर एक ठोका मारायचे. धडधाकट चाक घुमतं, त्याचा आवाज लांबत जातो. तडा गेलेलं चाक "ठप्प" म्हणतं. ज्या चाकाबद्दल शंका येईल त्याच्या वाघिणीवर, म्हणजे मालडब्यावर, खडूने "सिक" असं लिहायचं. मग ती वाघीण गाडीतून काढून सिक लाइनला, म्हणजे दुरुस्तीच्या रुळांवर, नेऊन ठेवतात. माणसांसारख्या वाघिणीही आजारी पडतात, हे ऐकून तुमची आई लहानपणी फार हसायची.

आमची ओळख झाली ती भिंतीतून. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत होते. संध्याकाळी वह्या तपासताना टेपरेकॉर्डरवर एकच कॅसेट लावायची, एका बाईंचा पूरिया धनाश्री. एका संध्याकाळी दार वाजलं. दारात भाऊ, ड्यूटीच्या कपड्यात.

"टीचर, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"सांगा ना."

"तुमचा टेप हळू चालतो. माझ्याकडे हीच कॅसेट आहे. तुमच्याकडे बाईंचा आवाज अर्धा सूर खाली येतो. पट्टा सैल झाला असेल."

मी म्हटलं, मला तर काही वेगळं वाटत नाही. ते म्हणाले, "कधीपासून वाटत नाही?" आणि आत येऊन, तुमच्या आजोबांकडून स्क्रूड्रायव्हर मागून घेऊन, त्यांनी टेप उघडला. आतला रबरी पट्टा खरंच ताणून लोंबत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा पट्टा आणून बसवला आणि कॅसेट लावली. बाई एकदम तरुण झाल्या. दोन वर्षं मी त्यांना आजारी ऐकत होते. पण खरं सांगायचं तर मला तो नवा आवाज आवडला नाही, टोचला. तसं मी बोलूनही गेले.

"टोचणारच," भाऊ म्हणाले. "आठवडाभर लावा. मग जुना ऐकवणार नाही तुम्हाला."

तसंच झालं.

गाण्याशी त्यांचा संबंध कसा आला, हे मी बऱ्याच वर्षांनी विचारलं. यार्डाबाहेर चहाची टपरी होती, तिथे सकाळी रेडिओ लागलेला असायचा. नोकरीला लागून वर्षभर झालं असेल. ड्यूटी संपवून भाऊ चहा पीत उभे होते आणि रेडिओवर तंबोरे सुरू झाले. "मला वाटलं, चाक वाजतंय," ते म्हणाले. "अगदी चांगल्या चाकाचा असतो तसा आवाज. पण चाकाचा विझतो, हा विझतच नव्हता. मी चहावाल्याला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, काही नाही, अजून गाणं सुरू व्हायचंय. मी म्हटलं, मग हे सुरू आहे ते काय आहे?" पुढे गाणं सुरू झालं ते त्यांना मुळीच कळलं नाही. पण तंबोऱ्यांसाठी ते रोज त्या टपरीवर थांबू लागले, आणि तंबोऱ्यांच्या मागोमाग गाणंही ऐकायला लागले. शिकवणारं कोणी नव्हतं. रागांची नावं रेडिओवर सांगायचे ती खडूने जवळच उभ्या असलेल्या वाघिणीवर लिहून ठेवायची आणि घरी जाताना कागदावर उतरवायची. एकदा यमन नावाची वाघीण तशीच इटारसीपर्यंत गेली म्हणतात. ही गोष्ट सांगताना ते हसायचे नाहीत, त्यामुळे खरी असावी.

त्यांच्या घरी पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्या बाजूला तारीखवार लावलेलं कॅसेटचं कपाट, आणि कपाटासमोर एकच खुर्ची. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, या सगळ्याशी कर्तव्य नव्हतं. त्या कायम अहिराणीत बोलायच्या. मी एकदा म्हटलं, वहिनी, तुम्ही नाही का ऐकत? त्या म्हणाल्या, "माले काही समजत नही बाई. त्या डोया मिटीसन बठतंस, मी भाकरी टाकस." ते डोळे मिटून बसतात, मी भाकरी टाकते. तक्रार नव्हती, कामाची वाटणी होती.

भाऊ निवृत्त झाले आणि आमचा रविवार सुरू झाला. आम्ही तोवर कॉलनी सोडून आपलं घर बांधलं होतं, आणि भाऊंनीही जवळच दोन खोल्या घेतल्या होत्या. आमच्या व्हरांड्यात दुपारी चारला चौघं जमायचो. भाऊ, मी, यावलकडून मोटरसायकलवर येणारे नाना चौधरी, आणि देशपांडे सर. नानांची केळीची बाग आहे. पाणी सोडून झालं की ते बांधावर बसून मोबाइलवर गाणं ऐकायचे. देशपांडे सर तरुणपणी तीन वर्षं गाणं शिकले होते आणि ते कोणाला विसरू द्यायचे नाहीत. तुमचे आजोबा चहा करायचे आणि आत जाऊन पेपर वाचायचे.

नियम भाऊंचे. या आठवड्यात काय ऐकलं ते प्रत्येकाने सांगायचं. याच आठवड्यात ऐकलेलं हवं, मागचं साठवलेलं चालणार नाही. पूर्ण आणि निदान तीनदा ऐकलेलं हवं. कोण गातंय ते आधी सांगायचं नाही, म्हणजे नाव ऐकून मान डोलवायची सोय नाही. आणि "छान", "अप्रतिम", "काय सांगू" असं म्हणायचं नाही. कोणी म्हटलंच की भाऊ शांतपणे विचारायचे, "छान म्हणजे कुठं?"

आणि मग ती जागा दाखवायला लागायची. कोणता स्वर, तालाच्या कितव्या आवर्तनात, त्याआधी काय झालं होतं. सगळ्यांचं सांगून झालं की त्यातलं एक निवडून सगळ्यांनी मिळून ऐकायचं. मी वही घातली. तारीख, कोणी सांगितलं, राग, किती वेळा ऐकलं, आणि शेवटचा रकाना "कुठं". नाना म्हणायचे, "टीचरनं इथं बी हजेरी लावली."

देशपांडे सरांना पहिल्या काही रविवारी भाऊंचं हे पुढारपण मानवलं नाही. एकदा त्यांनी चहा ढवळत विचारलं, "तायडे, तुमच्याकडे ती जयंतीची गाणी असतात ना? ती सोडून तुम्ही इकडे कसे वळलात?"

मी कपबशी घट्ट धरली. भाऊंनी मात्र प्रश्न साधाच असल्यासारखं उत्तर दिलं. "सोडली नाहीत. तीही ऐकतो. तुम्ही कधी ऐकलीत का सर? ऐका. उघड्यावर, माइक धड नसताना, दोन-दोन तास वरच्या पट्टीत गातात आणि सूर हलत नाही. या रविवारी एक ऐका, पुढच्या रविवारी सांगा."

सर पुढच्या रविवारी काही बोलले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र एक ऐकून आले, तीनदा ऐकून. वहीत नोंद आहे, आणि "कुठं"च्या रकान्यात सहा ओळी आहेत. त्या दिवसानंतर दोघांचं चांगलं जमलं. म्हणजे एकमेकांना टोचणं चालू राहिलं, पण बरोबरीचं.

भाऊंबद्दल आदर का वाटायचा, हे एका गोष्टीवरून सांगते. नानांनी एकदा विचारलं, "भाऊ, इतक्या वर्षांत ठोका चुकला काय कधी?"

"चुकला ना," भाऊ म्हणाले. "गाडी सुटायला दहा मिनिटं. एक चाक मला बरं वाटलं नाही. परत मारलं, परत तसंच. सिक लिहिलं. गाडीवाले ओरडले, साहेब आले, म्हणाले, तायडे, नक्की का? मी म्हटलं, नक्की नाही, शंका आहे. वाघीण काढली, तासभर गेला. चाक तपासलं तर साफ. मला मेमो मिळाला."

"मग? पस्तावले?"

"नाही. ज्या दिवशी नक्की नसताना जाऊ दे म्हणेन, त्या दिवशी पस्तावेन. थांबवून चूक झाली तर तासभर जातो, नाना."

तो मेमो त्यांनी फाइलला लावून ठेवला होता. बढतीचं पत्र कुठं होतं ते त्यांना सांगता आलं नाही.

धुळ्याला एकदा एका नामवंत गायकाचा कार्यक्रम होता. आम्ही चौघं एसटीने गेलो. भाऊंचा हट्ट, तासभर आधी पोचायचं, कारण तंबोरे लावताना ऐकायचे. रिकाम्या सभागृहात हे पहिल्या रांगेत जाऊन बसले. संयोजकांपैकी एकाने येऊन सांगितलं, या खुर्च्या निमंत्रितांच्या आहेत. भाऊ उठले आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले. थोड्या वेळाने तंबोरे लावणारा शिष्य थांबला, त्याने कान टवकारले, पुन्हा खुंटी पिळली, तरी समाधान होईना. शेवटच्या रांगेतून भाऊंनी हात वर केला आणि खाली दाबल्यासारखा हलवला. म्हणजे, किंचित उतरव. त्या मुलाने तसं केलं आणि तार जुळली. त्याने मागे पाहून नमस्कार केला. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी तोच मुलगा येऊन भाऊंना पुढे घेऊन गेला. परतताना सर म्हणाले, "आज तायड्यांनी गाणं पास केलं." भाऊ म्हणाले, "मध्यंतरापर्यंत. नंतर बुवा दमले होते."

आता जे सांगायचं ते मला लिहायला जड जातं, पण त्याशिवाय भाऊ पुरे होत नाहीत.

त्यांचे कान गेले. एका दिवसात नाही. यार्डातला तो आयुष्यभराचा लोखंडी आवाज हळूहळू आपला हिस्सा मागू लागला असणार. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि मला कळलं ते त्या वहीमुळे. एका रविवारी त्यांनी शुद्ध सारंग सांगितला. बाराव्या मिनिटाला तबलेवाला एक क्षण हात उचलतो आणि गाणारा एकटा समेवर येतो. (सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, फिरून सगळ्यांनी भेटायची जागा.) सांगितलं सुरेखच. पण लिहिता लिहिता मला वाटलं, हे मी आधी लिहिलं आहे. संध्याकाळी मागची पानं काढली. चार वर्षांपूर्वी हेच, बाराव्या मिनिटासकट. माणूस एखादं गाणं चार वर्षांनी पुन्हा ऐकेल, त्यात काही गैर नाही. म्हणून मी आणखी शोधलं. मागच्या रविवारचं त्यांचं सांगणं तपासलं, त्याच्याही आधीचं. कित्येक महिने भाऊंचं प्रत्येक सांगणं जुन्या वहीत सापडत होतं.

मी ती वही मिटून ठेवली आणि कोणालाही बोलले नाही. शिक्षकाला कॉपी ओळखता येते. पण ज्याच्याकडून आपण शिकलो त्याची कॉपी पकडल्यावर काय करायचं, ते कोणी शिकवत नाही. मनात एकच भीती होती. हे उघड झालं तर त्यांचा रविवार जाईल, आणि रविवार गेला तर त्यांच्याकडे काय राहील?

पण गोष्टी कोणी न बोलताही उघड होतात. पुढच्याच महिन्यात नानांनी नवा स्पीकर आणला होता. तो चार्जरला जोडून त्यांनी गाणं लावलं आणि गाण्याबरोबर एक बारीक शिट्टी सुरू झाली. कानात सुई जावी तशी. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे. आम्ही तिघंही भाऊ काही म्हणतील म्हणून थांबलो, कारण असं काही झालं की पहिलं बोट त्यांचं वर जायचं. भाऊ डोळे मिटून बसले होते. चेहरा शांत, आणि बोटं मांडीवर ठेका धरून. एक मिनिट गेलं, दोन गेली. शेवटी देशपांडे सर उठले आणि त्यांनी गाणं बंद केलं.

ते बंद झालेलंही भाऊंना लगेच कळलं नाही. बोटं चालूच होती. मग त्यांनी डोळे उघडले. "का थांबवलं?"

सर म्हणाले, "नानांना फोन आला होता."

भाऊंनी नानांच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, मग आमच्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे. "वाजला का?" त्यांनी विचारलं.

भाऊंनी चहा संपवला, कप आत नेऊन ठेवला आणि ते घरी गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. बुधवारी वहिनी आल्या. आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "टीचर, त्या कानले ते डबडं लाईसन बठतंस, आन् त्यामां काहीच चालू नही ऱ्हास." कानाला हेडफोन लावून बसतात आणि त्यात काहीच चालू नसतं. "तुमीन बोलावा. तुमनं ऐकतीन." मी म्हटलं, वहिनी, मी काय बोलू? त्या म्हणाल्या, "ते माले काय ठाऊक? शिकेल तुमीन शेतस." शिकलेल्या तुम्ही आहात.

मी बोलावायला जायच्या आधी भाऊच आले. रविवारी, चारला पाच मिनिटं कमी असताना. बसले आणि म्हणाले, "टीचर, वही काढा."

मी काढली.

"शुद्ध सारंग वाचा. या वर्षीचा. मग मागचा शोधा, असेल कुठंतरी."

"भाऊ, कशाला?"

"वाचा."

मी दोन्ही नोंदी वाचल्या. मोठ्याने वाचाव्या लागल्या. नाना जमिनीकडे पाहत होते.

"या वर्षीचा मी ऐकलेला नाही," भाऊ म्हणाले. "आठवून सांगितला. आधीचेही तसेच. सात-आठ महिने झाले, मला तंबोरा ऐकू येत नाही. गाणं येतं, पण भिंतीपलीकडून आल्यासारखं. नियम मीच केला होता आणि मीच मोडला. यार्डात असतो तर मी स्वतःवर कधीच सिक लिहिलं असतं. इथं लिहिलं नाही, कारण इथून कुठं जायचं ते कळेना. त्या सगळ्या नोंदी खोडा."

सर म्हणाले, "तायडे, आठवणं हेही ऐकणंच आहे."

"नाही सर. मग तीनदा ऐकायचं कशाला? एकदा ऐकून जन्मभर सांगत बसावं."

"मी खोडणार नाही," मी म्हटलं. त्या वहीत मी एक अक्षर कधी खोडलं नव्हतं. आणि खोडायचं म्हणजे ते त्या रविवारी तिथे नव्हतेच असं होणार होतं.

भाऊंनी वहीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. मग खरं लिहा."

तेव्हा मी त्यांच्यासमोर एकेक पान उलटलं आणि प्रत्येक नोंदीपुढे लिहिलं, "आठवणीतून". एकोणतीस नोंदी होत्या. प्रत्येक वेळी ते वाकून पाहत होते, मी नीट लिहिते आहे ना म्हणून. शेवटचं लिहून झाल्यावर ते उठायला लागले. "चला. आता माझं इथं काम नाही."

नाना चौधरी एरवी फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "बसा हो भाऊ. मी तीस किलोमीटरवरून येतो ते काय या सरांचं ऐकायले? मी इथं येऊन सांगतो, ते तुमाले सांगतो. तुमी विचारता म्हणून तर मी बागेत ध्यान देऊन ऐकतो. तुमी नाही बसले तर मले सांगा, मी कोणाले सांगू?"

भाऊ उभेच होते. तुमचे आजोबा आतून चहा घेऊन आले. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. "भाऊ, साखर तुमच्या मापाची आहे, बसा," असं म्हणून त्यांनी कप हातात दिला. उभ्याने चहा पिणं भाऊंना यार्डात चालायचं, दुसऱ्याच्या घरी नाही. ते बसले.

दिवाळीत त्यांच्या मुलाने पुण्याहून कानाचं मशीन आणून दिलं. भाऊंनी त्याची रीतसर तपासणी केली आणि रविवारी अहवाल दिला. माणसाचं बोलणं पास. गाणं नापास. तंबोरा म्हणजे पत्र्यावर मुंग्या चालल्यासारखा, आणि तार सप्तक म्हणजे डब्यात खिळे. "मग मी असं ठरवलंय," ते म्हणाले, "गाणं चालू असेल तोवर मशीन खिशात. गाणं संपलं की कानात. गाणं तुम्ही ऐका. मी तुमचं ऐकतो."

आणि तसंच सुरू झालं. गाणं लागलं की ते मशीन काढून खिशात ठेवायचे आणि डोळे उघडे ठेवून आमच्याकडे पाहत बसायचे. आधी फार अवघडायला व्हायचं. मग सवय झाली. गाणं संपलं की मशीन लावून ते प्रश्न विचारायचे, आणि इतके नेमके प्रश्न त्यांनी कान असतानाही विचारले नव्हते. "नाना, मध्येच तुमचा श्वास थांबला होता, तिथं काय झालं?" "सर, तुम्ही तिसऱ्यांदा मान हलवली, पण पहिल्या दोन वेळेसारखी नाही. तुम्हाला नेहमी खटकतो तो भाग आला का?" सर म्हणायचे, "तायडे, आता तुमच्यासमोर ऐकायची भीती वाटते." एकदा भाऊ मला म्हणाले, "टीचर, आज तुम्ही ऐकलं नाही. आज तुम्ही लिहीत होता. समेला सर हलले, नाना हलले, तुमचं पेन हललं." ते खरं होतं. तेव्हापासून मी गाणं संपल्यावर लिहिते. त्यामुळे वहीत चुका जास्त होतात, पण असू देत.

त्या दिवसांत वहिनी त्यांच्याबरोबर यायला लागल्या, रस्त्यात मागून हॉर्न ऐकू येत नाही म्हणून. पहिले काही रविवार त्या आत जाऊन बसायच्या. मग थंडीचं ऊन घ्यायला व्हरांड्यात बसू लागल्या, पायरीवर, भाऊंच्या खुर्चीला टेकून. आम्ही त्यांना कधी काही विचारलं नाही आणि त्यांनीही कधी काही सांगितलं नाही.

भाऊ गेले गेल्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, झोपेत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या रविवारी. त्या दिवशी आम्ही भीमपलास ऐकला. नेहमीसारखे प्रश्न झाले, चहा झाला, ती दोघं निघाली. मी फाटक लावायला गेले. ती दोघं गल्लीच्या वळणापर्यंत पोचली होती आणि वहिनी बोलत होत्या, मोठ्याने, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, कारण निघताना भाऊंनी मशीन पुन्हा खिशात टाकलं होतं. मला वाटलं, भाजीचं काही असेल.

"तो वर गया, वर गया, आन् तठेच उभा राह्यना," वहिनी म्हणत होत्या. तो गाणारा वर गेला आणि तिथेच उभा राहिला. "माले वाटनं, आते पडी." मला वाटलं, आता पडेल.

भाऊ रस्त्याच्या मधोमध थांबले. "कठे? कठे उभा राह्यना?"

वहिनींना शब्द सुचेना. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि उजवा हात हवेत उचलला. हात हळूहळू वर गेला, डोक्याच्या जरा वर जाऊन थांबला, तिथे बारीक हलत राहिला. भाऊ मान मागे करून त्या हाताकडे पाहत होते. मागून एक रिक्षा आली होती. तिला हॉर्न वाजवावा लागला नाही, ती आपणहून थांबली. वहिनींचा हात मग एक-एक पायरी उतरत खाली आला.

"परत दाखव," भाऊ म्हणाले. आणि वहिनींनी हात पुन्हा उचलला.